वरच्या मजल्याच्या सळाखी

"बंद कर! बंद कर ते मशीन! एकाही सळाखीले लागलं ना, तर पावसाळ्यापर्यंत तिलेच बांधून ठेवीन तुले!"

मी ओरडलो तेव्हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होतो. एका पायात चप्पल, तोंडात पोह्यांचा घास. माझा आवाज मुळातच मोठा आहे, त्यात छतावरून सोडलेला. वर्ध्याजवळच्या आमच्या सावंगीतल्या झाडांवरचे बगळे उडाले ते थेट बोर धरणावर जाऊन बसले. तिकडे कारंज्याच्या हायवेवर एका ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि क्लीनरला विचारलं, "टायर फुटला का रे?" मी त्या ट्रकवाल्याला ओळखत नाही, पण मारला असणार. माझ्या आवाजाचा मला अनुभव आहे.

मिस्त्रीनं कापायचं मशीन बंद केलं आणि माझ्याकडे न पाहता माझ्या पोरीकडे पाहिलं. त्यावरूनच मला कळलं, त्याला बोलावलं कोणी.

पोरगी छताच्या मधोमध उभी होती. केसांचा बुचडा बांधलेला, कानात ते बिनवायरीचं बोंड, हातात फोन. हैदराबादच्या तिच्या ऑफिसची मीटिंग चालू होती. तिनं बोट दाबून तिकडचा आवाज बंद केला. माझा आवाज बंद करायचं बटण तिला अजून सापडलेलं नाही.

"बाबा, मीच बोलावलं यायले."

"कायले?"

"कापाले."

आता या सळाखी काय भानगड आहे ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल हा माणूस लोखंडासाठी जीव देतो. आमच्याकडे स्लॅबचं घर बांधलं की कॉलम छतापाशी थांबवत नाहीत. त्यांच्या सळाखी तशाच वर सोडतात, पुरुषभर उंच, आभाळाकडे तोंड करून. अर्थ एवढाच की घर अजून संपलेलं नाही, वरचा मजला यायचा आहे, लेकराबाळांसाठी. रस्त्यानं जाणारा माणूस मान वर करतो, सळाखी पाहतो आणि म्हणतो, अच्छा, याची पोट्टी परत येणार आहे म्हणजे. ज्याच्या छतावर सळाखी नाहीत त्याच्याबद्दल लोक आवाज खाली आणून बोलतात.

माझ्या छतावर मात्र सळाखींच्या जुड्याच्या जुड्या आहेत, बाजारात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, असतात तशा, फक्त लोखंडाच्या. अख्ख्या सावंगीत एवढ्या लांब कोणाच्या नाहीत. बांधताना इंजिनिअर म्हणाला होता, "काका, एवढ्या पुरे." मी म्हटलं, "पुरे हा शब्द घर बांधताना काढायचा नाही." पुढे पुढे त्या इतक्या डोळ्यांत भरायला लागल्या की एकदा मोबाइलवाले टॉवर समजून चौकशीला आले होते. दर उन्हाळ्यात मी त्यांना सिमेंटचं पाणी पाजतो, गंज लागू नये म्हणून. प्रत्येकीच्या डोक्यावर प्लास्टिकची बाटली उपडी घातली आहे. वारा सुटला की बाटल्या हुंकारतात. शेजारच्या घरांत डॉक्टरकी शिकणारी पोरं किरायानं राहतात, त्यांना पहिल्या वर्षी वाटलं होतं की कॉलेजात चिरलेलं मढं फी मागायला आलं.

सावंगीतल्या प्रत्येक घराला बाहेरून जिना आहे. वर पोरं, खाली मालक. मलाही सगळ्यांनी सांगितलं, जिना बाहेरून काढ, किराया येईल. मी जिना आतून काढला, समोरच्या खोलीतून. माझ्या पोरीच्या मजल्यावर परक्यांची पोरं कशाला?

आणि ही पोरगी आता म्हणते, कापाले.

माझा राग समजायचा असेल तर कारंज्याची घरमालकीण समजली पाहिजे. मी सरकारी कारकून. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात माझी इतकी वेळा बदली झाली की आमच्या मांजरीनं सामान बांधताना स्वतःहून टोपल्यात बसायला सुरुवात केली होती. आर्वी झालं, हिंगणघाट झालं, मग कारंजा. सगळीकडे किरायाच्या खोल्या आणि प्रत्येक खोलीला एक मालक. कारंज्याला मालकीण होती. बाई तशी प्रेमळ. सणाला पुरणपोळी द्यायची. पण तिचे कान भिंतीत गाडलेले होते. पहिल्याच दिवशी कॅलेंडर लावायला म्हणून मी हातोडी उचलली. ठोकलीसुद्धा नाही, नुसती उचलली, तर बाई दारात.

"भाऊ, खिळा नाई ठोकाचा हं."

"अवो, कॅलेंडर लावाचं आहे."

"भिंत माही हाये ना? कॅलेंडर तुमचं हाये. तुमचं तुमच्यापाशी ठेवा."

ठेवलं. आम्ही तिथं होतो तोवर आमचं कॅलेंडर जमिनीवर होतं. तारीख पाहायची तर मी गुडघे टेकायचो. चतुर्थी कधी आहे हे बघायला बायको वाकायची, तर गणपतीला वाटायचं, काय भाविक बाई आहे! पोरगी तेव्हा लहान होती. पगाराच्या तारखेवर ती हटकून दूध सांडायची.

त्याच दिवशी मी मनाशी पक्कं केलं. जिथं न विचारता खिळा ठोकता येतो ते घर, बाकी सगळ्या खोल्या. म्हणून सावंगीचं घर झालं तेव्हा वास्तुशांतीला भटजींचे मंत्र चालू असताना मी मागच्या खोलीत ठोकत होतो. भटजी म्हणाले, "यजमान, जरा थांबता का?" मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या बाजूनं घर पक्कं करा, मी माझ्या बाजूनं करतो." एवढे खिळे ठोकले की लटकवायला वस्तू पुरल्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या एका खिळ्याला आजही फक्त एक रबर बँड आहे. पण खिळा आहे!

माझ्या बापाला यातलं काही पटलं नाही. तो हिंगणीचा, कापसाचा कास्तकार. प्लॉट दाखवायला मी त्याला आणलं तर त्यानं चपला काढल्या, मातीत अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाला, "जमीन बरी हाये. पऱ्हाटी किती होईल याच्यात?"

"बा, इथं घर बांधायचं आहे."

"म्हणजे काहीच नाई होणार."

त्याच्या लेखी नांगरता येत नाही ती इस्टेट नव्हे. हिंगणीचं त्याचं घर मातीचं, आणि तिथंही तो फारसा नसायचाच. पीक उभं राहिलं की जंगलातून डुकरं यायची, म्हणून तो बिऱ्हाड उचलून वावरातल्या झोपडीत जायचा. माय गेल्यावर मी त्याला सावंगीला आणलं, तर येताना त्यानं भिंतीतली लाकडाची खुटी उपटून धोतराच्या सोग्यात आणली. दुपट्टा टांगायची त्याची खुटी. सिमेंटच्या भिंतीनं ती घेतली नाही. मी म्हटलं, "बा, इतके खिळे आहेत, घे कोणताही." तो म्हणाला, "तो मंग नेता नाई येत." खुटी अजून त्याच्या उशाखाली आहे. कुठं न्यायची आहे त्याला, देव जाणे.

आणि ही पोरगी. हिला घर बदलायला कूस बदलण्याइतकाच वेळ लागतो. हैदराबादमध्येच तिनं इतक्या जागा बदलल्या की आम्ही पाठवलेला फराळ नेहमी आधीच्या घरचे लोक खातात. तिचा सगळा संसार दोन बॅगा, एक गुंडाळलेली गादी आणि एक मिक्सर. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा सामानात चिवडा नेला, आंब्याचं लोणचं नेलं आणि हातोडी नेली. बापानं लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये.

तिच्या भिंतीवर मला प्लास्टिकचे हुक दिसले. चिकटवायचे. ओढले की निघतात, भिंतीवर डागसुद्धा राहत नाही. पोरगी तिथं राहून गेली हे त्या भिंतीला कळणारसुद्धा नाही! ती ऑफिसला गेल्यावर मी पिशवीतून आमच्या तिघांचा फ्रेमचा फोटो बाहेर काढला, जागा बघितली आणि एक खिळा ठोकला. एकच. तर भिंतीतून पाण्याचा असा फवारा निघाला की समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसानं वाळत घातलेले कपडे आत घेतले. आता मला सांगा, भिंतीच्या पोटात पाण्याचा पाइप घालणं ही काही भल्या माणसांची रीत आहे? भिंत भिंतीसारखी असावी.

मला वाटलं पोरगी ओरडेल. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आमच्या घरात ओरडतो तो आपला. ती नुसती हसली, पुसणं आणलं आणि म्हणाली, "असू द्या बाबा, तशीही पुढच्या महिन्यात सोडूनच राह्यली ही जागा."

हे मला त्या फवाऱ्यापेक्षा जास्त लागलं. तेव्हापासून मी ठरवलं, पोरीला घराची ओढ लागत नाही कारण तिचा मजला अजून नुसत्या सळाखीत आहे. भिंती उभ्या राहू देत, मग पाहू. रिटायर झाल्यावर मी तयारीला लागलो. सेंट्रिंगवाल्याशी बोलणं झालं, विटा कुठून आणायच्या ते ठरलं. तिची खोली कोणत्या बाजूला, खिडकी कुठे, सगळं मी छतावर खडूनं आखून ठेवलं होतं. कमी होता तो फक्त तिचा होकार. पण तो मी सगळ्यात सोपा भाग समजत होतो.

तेवढ्यात या पावसाळ्यात घर गळायला लागलं.

समोरच्या खोलीच्या कोपऱ्यात, बापाच्या बाजेच्या बरोबर वर, आधी एक डाग आला. मी म्हटलं, स्लॅबला घाम येतो, नवीन आहे. बायको म्हणाली, "नवीन कुठचा, पोट्टी शाळेत होती तईचा हाये." मग थेंब आला. बायकोनं खाली घमेलं ठेवलं आणि बाज जरा सरकवली. मग धार आली आणि बाज आणखी सरकली. पावसाळा संपेपर्यंत बाप स्वयंपाकघराच्या दारापाशी पोचला होता. आयुष्यभर ज्यानं सरकारी नोकरी केली नाही त्या माणसाची या वयात बदली झाली. तो मात्र खुश. "इथं बरं हाये," म्हणाला, "भाकर गरम भेटते."

दिवाळीला पोरगी आली आणि थोडे दिवस इथूनच काम करते म्हणून राहिली. घमेलं पाहिलं, डाग पाहिला, छतावर जाऊन आली. मला वाटलं, मजल्याची आखणी बघायला गेली. तिनं मिस्त्री शोधला. मिस्त्री म्हणे, पाणी सळाखींच्या मुळातून मुरते, कापा, तोंडं बंद करा, वरून रसायनाचा थर द्या. आणि मी पोहे खात असताना खर्रर्र आवाज आला.

"अन् वरचा मजला?" मी विचारलं. म्हणजे ओरडलो.

"कोणाचा?"

"तुहा!"

"मी मागितलता का?"

"मागाले कायले पाह्यजे? बाप देते, लेकरू घेते!"

"बाबा," ती म्हणाली, आणि फोन खिशात टाकला, म्हणजे मामला गंभीर होता. "मी इथं घर करून राहणार नाई. आता नाई अन् मंगही नाई. मले फिराचं आहे. हैदराबादही सोडीन कदाचित. तुम्ही मजला बांधसान अन् तो रिकामा राहीन. मंग तुम्ही रोज वर येऊन रिकाम्या खोलीले झाडू मारसान. मले ते नाई पाहायचं."

मी तसा उत्तराला कधी कमी पडत नाही. "किरायाच्या घरात म्हातारी होशील! कोणी खिळा ठोकू देणार नाई तुले!"

"मले ठोकायचाच नाई ना!"

तेवढ्यात जिन्यातून बापाचा आवाज आला. त्याला चढवत नाही, पण भांडण खालून ऐकणं त्याला मंजूर नव्हतं, म्हणून तो पहिल्या पायरीवर येऊन बसला होता.

"काऊन गा बोंबलून राह्यला? काय म्हणते पोट्टी?"

"आबाजी, मी म्हणते मले घर नको!" पोरगी वरून ओरडली.

"मंग बरोबर म्हणते ना! वावर घेजो, माय!"

"वावरही नको, आबाजी!"

बापानं पायरीवर मांडी बदलली. मग, "जाऊ दे. तरुणपणी माहं घर बैलबंडीत मावे. तुह्या बापाचं बंडीत नाई मावत, म्हणून बोंबलते थो."

मिस्त्रीनं तोंड फिरवून खोकला काढला. मी त्याला ओळखतो, त्याला खोकला नव्हता.

मी पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसलो. बायको चहा घेऊन वर आली. तिनं मिस्त्रीला कप दिला, मला दिला, आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागली. भांडणं तिच्यासाठी वाऱ्यासारखी आहेत, कपडे वाळायला बरी. पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. खडूच्या रेघेवर. बरोबर तिच्या खिडकीत.

"बाबा, कारंज्याची खोली आठवते?"

"त्या बाईचं नाव काढू नको."

"मले लय आवडे ते खोली. आपलं कॅलेंडर जमिनीवर होतं ना? मी त्याच्यावर लंगडी खेळो. सोमवारावरून मंगळवारावर. मले वाटे, सगळ्यायच्या घरी महिने चालासाठी खाली ठेवते. मंग वर्गातल्या मैत्रिणीकडे पाह्यलं तर कॅलेंडर भिंतीवर! मी तिले म्हटलं, तुमच्याकडं महिने टांगून ठेवते का वो?"

मी चहावरची साय बोटानं काढली.

"तुमची बदली झाली की मले मजा वाटे. नवीन खोली, नवीन शाळा, मांजर टोपल्यात. तुम्ही रडकुंडीले येत होते, ते मले माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. तुम्हीच फिरवलं ना मले? आता थांब म्हणता."

माझी बोलती बंद झाली. वर्धा जिल्ह्यात ही घटना पहिल्यांदाच घडत होती. बगळे परत येऊन झाडावर बसले. ट्रकवाल्यानं तिकडे गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकली असणार.

चहा संपेपर्यंत मी त्या सळाखींकडे पाहत होतो. बाटल्या घातलेल्या त्या जुड्या पहिल्यांदाच मला जरा बावळट वाटल्या, लग्न लागून मांडव उठला तरी टोप्या घालून उभ्या असलेल्या वऱ्हाड्यांसारख्या. आणि मी काही खचून जाणारा माणूस नाही. हरलेल्या भांडणातसुद्धा शेवटचा हुकूम आपला असला पाहिजे, एवढं नोकरीनं शिकवलं आहे. मी उठलो. खडूच्या रेघा चपलेनं पुसल्या. एक चप्पल खालीच होती, म्हणून चपलेच्या एकाच पायानं पुसल्या.

"काप," मी मिस्त्रीला म्हटलं. "सगळ्या काप. कोणासाठी थांबला?"

पोरीनं माझा दंड धरला आणि सोडला. आमच्याकडे याहून जास्त करत नाहीत.

"मी येत जाईन, बाबा," ती म्हणाली. "महिना-महिना राहीन. खालीच. आबाजीच्या बाजेपाशी."

"येजो," मी म्हटलं. "तुह्या आबाजीची आणखी बदली नाई झाली तर तिथंच भेटन तो."

मिस्त्रीनं मशीन लावलं. ठिणग्या अशा उडाल्या की दिवाळी दुसऱ्यांदा आल्यासारखं वाटून पलीकडच्या गच्चीवरच्या डॉक्टर पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक जुडी पडली, दुसरी पडली. मी प्रत्येकीची बाटली आधी स्वतःच्या हातानं काढत होतो, शांतपणे, मयतीपुढे साहेब लोक टोपी काढतात तशी. असं करत करत मिस्त्री समोरच्या कोपऱ्यात, रस्त्याकडच्या जुडीपाशी आला, आणि मी हात आडवा घातला.

"ही नाई."

मशीन थांबलं. मिस्त्री कान खाजवत काहीतरी सांगायला लागला. मी त्याला सांगू दिलं नाही. कारण मला सुचलं होतं, आणि सुचल्यावर मी थांबत नाही. या जुडीला पोरगी शाळेत असताना दर दिवाळीला आकाशकंदील बांधायची. स्टुलावर चढून, जीभ बाहेर काढून, स्वतः. तिला मी ते सांगितलं. मिस्त्रीला सांगितलं. आवाज चढत गेला तसा गच्चीवरच्या पोरांनाही सांगितलं. मी म्हटलं, मजला नको तर नको, जग फिरा, हैदराबाद सोडा, चंद्रावर किरायानं खोली घ्या! पण परत येताना रस्त्याच्या वळणावरून घर ओळखू आलं पाहिजे. सावंगीत सगळी घरं सारखी. ही एक जुडी उभी राहील. हा आपल्या घराचा झेंडा आहे, खूण आहे, आभाळात ठोकलेला खिळा आहे, आणि हा ठोकायला मी कोणत्याही मालकिणीला विचारलेलं नाही!

पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पोरीचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "राहू द्या, बाबा," ती म्हणाली, "एक राहू द्या." खालून बापानं विचारलं, "काय झालं गा?" माझी छाती अशी फुगली होती की शर्टाचं वरचं बटण तुटून आर्वीच्या दिशेनं गेलं.

बायकोनं शेवटचा टॉवेल तारेवरून ओढला, घडी करून खांद्यावर टाकला आणि जिन्याकडे जाता जाता त्या जुडीकडे पाहिलं.

"गळते तर तिच्यातूनच," ती म्हणाली.